सिंगल केबिन पिकअपमध्ये आसनामागे वूफरची पेटी : जागा, लाकूड आणि तारा

गाठीवाला, सोलापूर

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे बॉनेट असलेली, सिंगल केबिनची डिझेल पिकअप आहे. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतून चादरी आणि टॉवेलच्या गाठी भरून त्या हैदराबाद किंवा विजापूरकडे पोहोचवणे हे तिचे रोजचे काम आहे. दारांमध्ये सहा इंची स्पीकर आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. परंतु गाडी वेगात आली की तबल्याची चाट तेवढी कानावर पडते आणि डग्गा कुठल्या कुठे नाहीसा होतो. म्हणून दहा इंची वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, बसवण्याचा विचार आहे. गावातील एका दुकानात मला तयार बेस ट्यूब (नळकांड्याच्या आकाराची वूफरपेटी) दाखवण्यात आली, पण ती मागे ठेवायची म्हणजे आसन पुढे ओढावे लागते आणि मग माझे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. दिवसभर त्या अवस्थेत गाडी हाकणे शक्य नाही.

आसन माझ्या नेहमीच्या जागी ठेवून घेतलेली मापे अशी आहेत. मागच्या काचेच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत उंची ४० सेंमी आहे. आसनपट्ट्यांची रिळे आणि जॅक-पान्ह्याची जागा सोडल्यावर ९० सेंमी रुंदी उरते. पाठ थोडी मागे कललेली असल्यामुळे पाठ आणि मागचा पत्रा यांच्यातील अंतर वरच्या बाजूला १२.५ सेंमी, तर तळाशी २१.५ सेंमी भरते. एवढ्या जागेत बंद पेटी करावी की भोकाची (हवेसाठी नळी असलेली), लाकूड कोणते वापरावे आणि पासिंगच्या वेळी काही अडचण येईल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रंधा_पटाशी, जुळे सोलापूर

मापे नीट घेतली आहेत, त्यामुळे बोलणे सोपे झाले. बहुतेक गिऱ्हाईक आधी वूफर विकत घेऊन येते आणि नंतर जागा शोधू लागते. तरीही एक खात्री करून घ्यावी. ही मापे आसनावर कोणी बसलेले असताना घेतली आहेत की रिकाम्या आसनाची आहेत? वजनदार माणूस टेकून बसला की पाठीचा फोम आणि आतील जाळी मागे फुगते. शेजारी हमालाला बसवून पुन्हा एकदा मोजून पाहावे.

वूफरचा पडदा पाठीच्या दिशेने हलणार असेल, तर त्याच्यापुढे किमान अडीच सेंमी मोकळी जागा ठेवावीच लागते. ती वजा केली की पेटीची बाहेरील खोली वर १० आणि खाली १९ सेंमी राहते, म्हणजे सरासरी साडेचौदा. पूर्ण ९० सेंमी रुंदी धरली तर बाहेरून ५२ लिटरची पेटी होते. लोक हाच आकडा धरून बसतात आणि लाकडाची जाडी विसरतात. १८ मिमी प्लाय लावल्यावर आतील माप ८६.४ गुणिले ३६.४ गुणिले १०.९ होते, म्हणजे जेमतेम ३४ लिटर. एक तृतीयांश जागा लाकडानेच खाल्ली. १२ मिमी प्लाय वापरला तर आत सुमारे ४० लिटर मिळतात, मात्र मग मधोमध एक आडवी पट्टी आधाराला द्यावी लागते, नाहीतर रुंद फळी स्वतःच पडद्यासारखी थरथरू लागते.

लाकडाबद्दल सांगायचे तर एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) कापायला गुळगुळीत असते आणि आवाजाच्या दृष्टीने त्यात काही दोष नाही, परंतु मालवाहू गाडीच्या केबिनमध्ये मी ते कधी देत नाही. पावसाळ्यात दारातून पाणी येते, केबिन धुतली जाते, आणि एकदा का एमडीएफची कड फुगली की स्क्रूची पकड सुटलीच म्हणून समजा. आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्यावा. आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर प्रतीचा, म्हणजे उकळत्या पाण्यात टिकणारा, प्लायही चालतो.

खरी कसोटी कापण्यात आहे. पुढची फळी ४० सेंमी उंचीत ९ सेंमी मागे जाते, म्हणजे साधारण तेरा अंशांचा कल आला आणि तिची तिरकी लांबी ४१ सेंमी झाली. वरच्या आणि खालच्या फळीच्या पुढील कडा त्याच तेरा अंशांत रंधून घ्याव्या लागतात. काटकोनात कापलेल्या कडेवर तिरकी फळी ठोकली, तर आतल्या अंगाला पाचरीसारखी फट राहते. पुढे कितीही सिलिकॉन भरले तरी तिथून हवा फुसफुसतेच. कापण्यापूर्वी गाठींवरच्या जाड पुठ्ठ्याचा नमुना करून तो आसनामागे उभा करावा, आसन मागेपुढे करून पाहावे आणि मगच करवत हातात घ्यावी.

ओहमचा_नियम, पुणे (मूळचा सोलापूरचा)

बंद की भोकाची, या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंदिग्धपणे बंद पेटी असे आहे, आणि त्याचे कारण केवळ जागेची टंचाई नाही.

छोट्या बंदिस्त जागेत खालच्या सुरांना आपोआप उठाव मिळतो. ज्या सुराची अर्धी तरंगलांबी केबिनच्या लांबीएवढी होते, त्याच्या खाली केबिनमधील हवा लाटेसारखी पसरण्याऐवजी एकसंध दाबली आणि सोडली जाते. डॅशबोर्डच्या काचेपासून मागच्या पत्र्यापर्यंत दीड मीटर धरले, तर ही सीमा ११५ हर्ट्झच्या आसपास येते. पूर्णपणे हवाबंद केबिन असती तर त्याखाली प्रत्येक सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत उठाव मिळाला असता. प्रत्यक्षात पत्रा लवतो आणि फटी असतात, म्हणून तो कमी मिळतो. गंमत अशी की बंद पेटीतील वूफरचा आवाज आपल्या अनुनादाच्या (ज्या सुरावर पडदा आपसूक डोलतो त्याच्या) खाली नेमका सप्तकाला १२ डेसिबल याच उताराने घसरतो. एकाची घसरण दुसऱ्याच्या चढणीने भरून निघते. मोठ्या एसयूव्हीच्या मालकाला हे सुख आपल्याएवढे मिळत नाही.

भोकाच्या पेटीला हे जमत नाही, कारण ती जुळवलेल्या सुराच्या खाली दुप्पट उताराने घसरते आणि तिथे पडद्याला मागून हवेचा आधारही राहत नाही. शिवाय ४० लिटरच्या पेटीला ३५ हर्ट्झवर जुळवायचे, तर १० सेंमी व्यासाची नळी सुमारे ४० सेंमी लांब लागते. आपल्या पेटीची आतली खोली अकरा सेंमी आहे. नळी आडवी झोपवता येईल, पण तिच्या दोन्ही तोंडांपुढे हवा मोकळी खेळली पाहिजे. तेवढी जागा आहे कुठे?

आता वूफर निवडण्याविषयी. नेव्हिल थील यांनी १९६१ साली ऑस्ट्रेलियात मांडलेल्या आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात पूर्णत्वास नेलेल्या मोजमापांवर आजही प्रत्येक वूफरचे माहितीपत्रक उभे असते. त्यातील तीन आकडे आपल्याला पुरे आहेत : एफएस म्हणजे मोकळ्या हवेतील अनुनाद, क्यूटीएस म्हणजे त्या अनुनादावरील एकूण लगाम किती सैल आहे ते (आकडा मोठा तितका लगाम सैल), आणि व्हीएएस म्हणजे पडद्याच्या लवचिकपणाएवढी लवचिक असणारी हवा किती लिटर भरते ते. व्हीएएसला पेटीच्या लिटरांनी भागावे, त्यात एक मिळवावा, वर्गमूळ काढावे आणि त्याने क्यूटीएसला गुणावे. येणारा आकडा म्हणजे पेटीत बसल्यानंतरचा क्यू. त्याच वर्गमूळाने एफएसला गुणले की पेटीतील नवा अनुनाद मिळतो.

उदाहरणासाठी एफएस ३२, क्यूटीएस ०.५ आणि व्हीएएस ३० लिटर असलेला दहा इंची वूफर घेऊ. आतील ३४ लिटरांतून वूफरचे लोहचुंबक आणि आधाराच्या पट्ट्या यांचे सव्वादोन लिटर वजा केले तर ३२ उरतात, क्यू ०.७ येतो आणि अनुनाद ४५ हर्ट्झवर बसतो. पुस्तकी आदर्श ०.७०७ चा आहे, म्हणजे हे जवळपास अचूक झाले. परंतु रुंदी ९० ऐवजी ६० सेंमीच ठेवली, तर आत निव्वळ २० लिटर राहतात, क्यू ०.७९ होतो आणि अनुनाद फक्त ५१ हर्ट्झपर्यंत चढतो. केबिनचा उठाव जमेस धरता हा फरक बसल्या जागी ओळखणे अवघड आहे. उरलेली ३० सेंमी रुंदी अँप्लिफायरला देता येईल. मी तुमच्या जागी असतो तर दुसरा पर्याय घेतला असता.

गाठीवाला

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे शेजारी माणूस बसवून पुन्हा मोजले. पाठ अर्ध्या सेंमीहून अधिक मागे येत नाही, म्हणून तेवढी खोली कमी धरीन.

एक शंका आहे. माझ्या गाडीला एसी नाही आणि वैशाखात नळदुर्गच्या पुढे दोन्ही काचा उघड्या ठेवल्याशिवाय बसवत नाही. हवा बंदिस्त असेल तरच उठाव मिळत असेल, तर माझ्यासारख्यासाठी हा सगळा हिशेब वाहून जातो की काय?

ओहमचा_नियम

शंका अगदी रास्त आहे आणि ती फार थोडे लोक विचारतात. काचा उघडल्या की सर्वांत खालचा उठाव खरोखरच जातो. ३०-४० हर्ट्झचा गडगडाट उघड्या खिडकीतून निघून जातो, कारण दाब साठायला भांडेच उरत नाही. ६० ते ९० हर्ट्झच्या पट्ट्याला त्याचा फटका कमी बसतो, आणि तुम्हाला जो डग्गा ऐकू येत नाही त्याचा भरीवपणा बव्हंशी याच परिसरात असतो.

मात्र याच पट्ट्यात दुसरा एक प्रतिस्पर्धी बसलेला आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. म्हणजे २००० फेऱ्यांवर चालणारे तुमचे डिझेल इंजिन दर सेकंदाला सुमारे ६७ ठोके देत असते, आणि ६७ हर्ट्झची ती घरघर नेमकी डग्ग्याच्या अंगावर येते. दारांतील स्पीकरवर डग्गा ‘नाहीसा’ होतो तो यामुळेच. तिथे तो अस्तित्वात असतो, पण झाकला जातो. यावर उपाय म्हणजे त्या पट्ट्यात जरा जास्त जोर देणे, आणि किंचित चढा क्यू तिथे उपयोगी पडतो. ०.९ क्यू झाला तरी उंचवटा पाऊण डेसिबलच्याही आतच असतो, त्यामुळे आवाज घुमा होण्याची भीती नाही. थोडक्यात, उघड्या काचांच्या गाडीला मोठ्या पेटीचा लाभ आणखीच कमी आहे. अर्धा सेंमी गेल्याने एक-दीड लिटर कमी होतील; होऊ द्यावेत.

बॉबिन

मी टॉवेलच्या कारखान्यात काम करतो. पेटीच्या आत कापूस भरला की ती मोठी असल्यासारखी वागते, असे ऐकले आहे. आमच्याकडे सुताची गुंतवळ आणि टॉवेलच्या काठांची चिंधी पोत्याने पडून असते. हवी असल्यास गाठीवाल्यांना एक पोते देतो. त्याचा उपयोग होईल का?

रंधा_पटाशी

पोते आपल्याजवळच ठेवावे, गाडी पुसायला उपयोगी पडेल. चेष्टा सोडून सांगतो. टॉवेलची चिंधी जड असते, गाडीच्या हादऱ्यांनी तळाला जाऊन गठ्ठा होते आणि पावसाळ्यात ओल धरते. उशीत भरतात तो पॉलिस्टरचा हलका तंतू घ्यावा, हाताने पिंजून मोकळा करावा आणि वूफरच्या पाठीमागे जाळी लावून उरलेल्या जागेत सैल भरावा. ठासून भरला तर हवेची हालचालच बंद होते.

ओहमचा_नियम

यामागचे कारणही सांगून ठेवतो. हवा दाबली की तापते आणि तापल्यामुळे जास्त ताठ होते. तंतू ती उष्णता क्षणभर स्वतःत घेतात, म्हणून हवा मऊ भासते आणि पेटी मोठी असल्यासारखी वागते. प्रत्यक्षात दहा-पंधरा टक्क्यांचा लाभ झाला तरी पुष्कळ म्हणायचा. गेलेले एक-दीड लिटर यातून परत येतील, एवढीच अपेक्षा ठेवावी.

मार्केट_यार्ड

माझ्याकडे छोटा हत्ती (टाटा एस) आहे. आसन आणि मागचा पत्रा यांच्यात हाताचा पंजासुद्धा नीट जात नाही. मग आसनाखाली पेटी करावी का?

रंधा_पटाशी

आपल्या गाडीत आसनाखाली इंजिन आहे, मालक. तिथे पेटी करणे म्हणजे चुलीवर पाट मांडणे होय. शिवाय इंजिनाचे झाकण उघडण्याची वाट बंद झाली, तर मेकॅनिकच पहिल्यांदा ती पेटी फोडेल. सुपर कॅरीसारख्या ज्या ज्या गाडीत इंजिन आसनाखाली आहे, तिथे हाच नियम लागू आहे. अशा केबिनमध्ये शेजारच्या प्रवाशाच्या पायांपुढे, डॅशबोर्डच्या खाली, आठ इंची वूफरची बारा-पंधरा लिटरची छोटी पेटी बसते का ते पाहावे. जमत नसेल तर स्वतःचा अँप्लिफायर पोटात असलेला चपटा तयार वूफर घ्यावा. त्याचा आवाज दहा इंचीइतका खोल जात नाही, पण सात-आठ सेंमी जाडीत याहून अधिक काही मागणे अन्यायाचे ठरेल.

लाल_काळी_तार, विजापूर रोड

लाकूड आणि गणित झाले, आता विजेकडे वळू. माझा व्यवसाय ऑटो इलेक्ट्रिशियनचा आहे. वूफर बसवलेल्या ज्या गाड्या माझ्याकडे दुरुस्तीला येतात, त्यांतील बहुतेकांत पेटी उत्तम असते आणि तार मात्र दरिद्री असते.

गाठीवाल्यांना २५० वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणाऱ्या शक्तीचा), क्लास डी या कमी तापणाऱ्या प्रकारचा, एका चॅनेलचा अँप्लिफायर पुरेसा होईल. खोक्यावर छापलेले दोन हजार वॅट वगैरे वाचूच नयेत. आरएमएस आणि त्यापुढील ओहमचा आकडा तेवढा पाहावा. असा अँप्लिफायर ऐंशी टक्के कार्यक्षम धरला, तर पूर्ण जोरावर तो बॅटरीकडून ३१० वॅटच्या वर, म्हणजे १३.५ व्होल्टला सुमारे २३ अँपिअर ओढतो. बॅटरीपासून आसनामागे जाणारी तार पाच मीटर होते. ४ चौरस मिमी तांब्याची तार वापरली तर तिच्यातच अर्धा व्होल्ट गळतो. १० चौरस मिमी वापरली तर ०.२ व्होल्ट. बाजारातील तयार किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार असते. तिची गळती त्याच जाडीच्या तांब्याहून दीडपटीपेक्षा जास्त असते आणि तिचे तोंड ओलाव्यात लवकर खराब होते. तारेचे टोक सुरीने खरवडून पाहावे. आत पांढरे दिसले तर ती दुकानदाराला परत करावी.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत असला पाहिजे. तो अँप्लिफायरच्या रक्षणासाठी नसतो, तारेच्या रक्षणासाठी असतो. पत्र्याच्या कडेला घासून तार उघडी पडली आणि फ्यूज दुसऱ्या टोकाला असेल, तर बॅटरीची सगळी ताकद त्या घासलेल्या जागी उतरते आणि मागे चादरींच्या गाठी भरलेल्या असतात, हे वेगळे सांगायला नको. ३० अँपिअरचा फ्यूज लावावा. बॉनेटकडून केबिनमध्ये येताना तार रबरी ग्रोमेटमधूनच आणावी. ज्यांच्या गाडीत बॅटरी चॅसीवर आहे त्यांनी तार लवचिक नळीतून घ्यावी आणि सायलेन्सरपासून दूर ठेवावी.

अर्थिंगसाठी केबिनच्या पत्र्यावरील रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावा, दातेरी वॉशर लावून बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस किंवा रंग द्यावा. आसनपट्ट्याचा बोल्ट आयताच मिळतो म्हणून अनेक जण तिथेच अर्थ देतात. तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी विशिष्ट ताणाने आवळलेला असतो, त्याला हात लावू नये. संगीताची तार आणि बॅटरीची तार केबिनच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्याव्यात, नाहीतर अॅक्सिलरेटर दाबताच स्पीकरमधून अल्टरनेटरची शिट्टी ऐकू येते.

एक सूचना इतरांसाठी आहे. सोलापुरात मोठ्या ट्रकचे काम करणारी दुकाने पुष्कळ आहेत आणि तिथे २४ व्होल्टचा मालही ठेवलेला असतो. आपल्या छोट्या गाड्या १२ व्होल्टच्या आहेत. खरेदीपूर्वी मागची पट्टी वाचावी.

अँप्लिफायर पेटीवर आडवा झोपवू नये. उन्हात उभ्या केलेल्या बंद केबिनमध्ये तापमान साठीकडे जाते, आणि तशात गाडी सुरू करून लगेच मोठा आवाज केला की अँप्लिफायर स्वतःला बंद करून घेतो. मग ‘बिघडला’ म्हणून माझ्याकडे आणतात. पेटीशेजारी उरलेल्या ३० सेंमीत तो उभा, पत्र्यापासून दोन बोटे सोडून, उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या उभ्या येतील अशा रीतीने बसवावा.

रंधा_पटाशी

पेटी अडकवण्याचा विषय राहून गेला. ६० सेंमीच्या पेटीला पाऊण चौरस मीटरच्या आसपास प्लाय लागतो, म्हणजे नऊ किलो. वूफर धरून चौदा-पंधरा किलो होतात. समोरासमोरच्या धडकेत वजनाच्या वीसपट जोर धरला, तर ती तीनशे किलोने आसनाच्या पाठीवर येईल. नुसते वेल्क्रो किंवा सायकलच्या ट्यूबची दोरी यावर भागवू नये. तळाच्या दोन्ही कोपऱ्यांना ५ मिमी जाडीची लोखंडी एल-पट्टी लावून जमिनीच्या पत्र्यातून आरपार बोल्ट आणि खाली रुंद वॉशर द्यावा. भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली झोपून ब्रेकची नळी, डिझेलची नळी आणि तारांचा जुडगा कुठून गेला आहे ते डोळ्यांनी पाहावे. मागच्या उभ्या पत्र्यात भोक पाडू नये, कारण पावसात हौद्याकडून उडणारे पाणी तिथूनच आत येते.

शांततेचा_भोक्ता, रेल्वे लाईन्स

विषयाला धरूनच लिहितो. वूफर केबिनमध्ये ऐकण्यासाठी आहे, चौकातील लोकांसाठी नाही, एवढे भान सर्वांनी ठेवावे. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. त्यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा हा रात्रीचा काळ आहे, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. पहाटे चारला गाठी भरायला निघणाऱ्या गाड्या आमच्या खिडकीखालून जातात, म्हणून हे आवर्जून लिहिले.

गाठीवाला

आपले म्हणणे मान्य आहे. मला डग्गा हवा आहे तो नळदुर्गच्या घाटात, आपल्या खिडकीखाली नव्हे.

पासिंगविषयी मी स्वतःच माहिती काढली, ती इतरांच्या उपयोगासाठी देतो. मालवाहू गाडीचे फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी होते. केबिनचा पत्रा कापला किंवा आसनच काढून टाकले, तर तो मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ च्या बदलांत गणला जाऊ शकतो. म्हणून पेटी चार बोल्ट आणि एक प्लग सोडल्यावर अख्खी बाहेर निघेल अशीच करून घेत आहे. जॅक-पान्हा पेटीच्या मागे अडकणार नाही, हेही पाहिले आहे. विमा कंपनीला या जोडणीची नोंद करण्यास सांगितले आहे.

ठरलेले माप असे : रुंदी ६०, उंची ४०, खोली वर ९.५ आणि खाली १८.५ सेंमी, १८ मिमी मरीन प्लाय, सगळे सांधे फेविकॉल मरीन आणि स्क्रूने जोडून आतून सिलिकॉन. वूफर चार ओहमचा, एका कॉइलचा. आता दोन गोष्टी उरल्या आहेत. या खोलीत किती खोल वूफर बसेल, आणि अँप्लिफायरचा गेन (आवाज किती पटीने वाढवायचा ते ठरवणारी खुंटी) कानाने लावावा की मीटरने?

रंधा_पटाशी

वूफरचा मध्य तळापासून १४ सेंमीवर ठेवला, तर लोहचुंबकाची वरची कड सुमारे २१ सेंमीवर येते. तिथे पेटीची बाहेरची खोली १३.८ सेंमी आहे. मागची फळी वजा केली की १२ राहतात आणि चुंबकामागे हवा खेळायला दीड सेंमी सोडली की साडेदहा. पुढच्या फळीची जाडी यातून वजा करायची नाही, कारण माहितीपत्रकातील खोली वूफरच्या कडीखालून मोजलेली असते. साडेदहा सेंमीपर्यंतचा कोणताही चालेल. बरेचसे नेहमीचे दहा इंची वूफर तेरा-चौदा सेंमी खोल असतात, म्हणून दुकानात पट्टी घेऊनच जावे. पेटी तयार झाल्यावर पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच, सरळ आत दाबून सोडावा. तो सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे. चटकन उसळून आला तर कुठेतरी फट आहे, आणि ती बहुधा वूफरच्या कडीखाली किंवा तारेच्या भोकात सापडेल.

लाल_काळी_तार

मीटरनेच लावावा. २५० वॅट गुणिले ४ ओहम यांचे वर्गमूळ ३१.६ येते, म्हणजे वूफर सोडवून ठेवून, हेडयुनिटचा (डॅशबोर्डवरील म्युझिक सिस्टिमचा) आवाज तीन चतुर्थांशावर आणि सगळे बेस बूस्ट शून्यावर ठेवून, मोबाइलवरून ५० हर्ट्झचा शुद्ध सूर वाजवावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवावा आणि गेन ३१.६ व्होल्ट दिसेपर्यंतच वाढवावा. वूफरची स्वतःची क्षमता २०० वॅट असेल, तर २८ व्होल्टवर थांबावे. वूफरचा लो-पास (वरचे सूर अडवणारी चाळणी) ८० हर्ट्झवर, दारांतील स्पीकरचा हाय-पासही (खालचे सूर अडवणारी चाळणी) तिथेच. त्यानंतर वूफर जोडून, गाडी सुरू ठेवून आणि काचा नेहमीच्या स्थितीत ठेवून तबला लावावा आणि फेजचे (पडद्याच्या हालचालीची दिशा उलटवणारे) बटण शून्यावरून १८० वर फिरवून पाहावे. ज्या बाजूला डग्गा जास्त भरीव वाटेल तीच बाजू कायम करावी. गाठी भरेपर्यंत इंजिन बंद ठेवून गाणी लावण्याची सवय असेल, तर बॅटरी उतरू नये म्हणून तेवढा वेळ वूफर बंद ठेवणारे एक बटण रिमोटच्या (अँप्लिफायर चालू-बंद करणाऱ्या) तारेत डॅशबोर्डवर काढून घ्यावे. किरकोळ खर्चाचे काम आहे.

गाठीवाला

बटणाची सूचना उत्तम आहे, कारण भरणीला तास-दीड तास सहज जातो. प्लाय उद्याच उचलतो आणि पुठ्ठ्याच्या नमुन्यावर ९.५ व १८.५ ची खूण करून तो सुताराकडे देतो.